पुरुषांतील अज्ञातहेतुक अस्थिसुषिरता : रक्तातील अस्थिचयापचय दर्शके

प्रौढ, पण अजून म्हातारा न झालेल्या पुरुषाचा मणका दबतो किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडते, आणि कसून तपासूनही कारण सापडत नाही, तेव्हा त्या विकाराला अज्ञातहेतुक अस्थिसुषिरता (कारण न कळलेला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा) म्हणतात. हाड आयुष्यभर पोखरले आणि पुन्हा भरले जाते. या कामात रक्तात उतरणारे प्रथिनांचे तुकडे व विकरे म्हणजे अस्थिचयापचयाची दर्शके. त्यांवरून रोगाचे निदान होत नाही. हाडाची घनता डेक्सा ही क्ष-किरण तपासणी सांगते, दर्शके फक्त उलाढालीचा वेग सांगतात.

अस्थिभंजक पेशी कोलॅजेन तोडतात तेव्हा त्याच्या साखळीच्या टोकाचा तुकडा सुटतो, तो सीटीएक्स. अस्थिजनक पेशी नवे कोलॅजेन विणताना पूर्वद्रव्याचे जे टोक छाटले जाते, ते पी१एनपी. २०११ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने संदर्भासाठी याच दोघांची शिफारस केली. ऑस्टिओकॅल्सिन हे अस्थिजनक पेशींचे प्रथिनही दर्शक आहे, पण नाजूक. नमुन्यातील तांबड्या पेशी फुटल्या किंवा नमुना उबेला राहिला की ते घटलेले दिसते. हाडाचे अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर आणखी एक दर्शक; त्याच्या चाचणीत यकृतातले विकरही थोडेफार मोजले जाते.

‘अज्ञातहेतुक’ हा शिक्का सर्वांत शेवटी मारायचा असतो. आधी कॅल्शियम, फॉस्फेट, ड जीवनसत्त्व, पॅराथॉर्मोन, थायरॉइड, सकाळचे टेस्टोस्टेरॉन, मूत्रपिंड व यकृताच्या चाचण्या, सीलिअ‍ॅक रोगाची प्रतिपिंडे, प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस आणि २४ तासांच्या लघवीतील कॅल्शियम पाहावे; मद्यपान व स्टेरॉइडांची चौकशी करावी. एकूण अल्कलाइन फॉस्फेटेज सतत कमी येत असेल तर तो आकडा सोडून देऊ नये. ते हायपोफॉस्फेटेशियाचे (हे विकर कमी पडून हाडे कच्ची राहण्याच्या आनुवंशिक रोगाचे) लक्षण असू शकते, आणि त्या रोगात बिस्फॉस्फोनेट हे हाडाची झीज रोखणारे औषध घातक ठरू शकते.

यातल्या अनेक रुग्णांच्या, तपासणीसाठी काढलेल्या हाडाच्या तुकड्यात मुख्य दोष भरणीचा दिसतो : अस्थिजनक पेशींचे काम मंद. काहींत आयजीएफ-१ हा वाढीचा घटक कमी, तर काहींत कार्यक्षम इस्ट्रॅडिओल हे स्त्री-संप्रेरक कमी असते. पुरुषातही हाडाची झीज आवरण्यात इस्ट्रॅडिओलचा वाटा मोठा आहे. तरीही पी१एनपी व सीटीएक्स पुष्कळदा संदर्भ मर्यादेतच येतात. म्हणून ‘दर्शके नॉर्मल, हाड ठीक’ हा निष्कर्ष चूक आहे. विशी-पंचविशीत ही दर्शके नैसर्गिकरीत्याच चढी असतात, तेव्हा मर्यादा वयानुसारच घ्याव्यात.

बहुतेक घोटाळे नमुना घेतानाच होतात. सीटीएक्स पहाटे शिखरावर असते, दुपारी तळ गाठते, आणि जेवणाने आणखी उतरते. सकाळी ८ला उपाशीपोटी रक्त देणारा माणूस पुढच्या खेपेस दुपारी जेवून आला, तर औषधाविनाच ‘सुधारणा’ दिसेल. रात्रभराच्या उपवासानंतर, सकाळी साडेसात ते दहाच्या दरम्यान, दर वेळी त्याच प्रयोगशाळेत नमुना द्यावा. सीटीएक्ससाठी ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेली नळी उत्तम. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे काही यंत्रांवर आकडे चुकतात; ते किमान दोन दिवस आधी बंद हवे. मूत्रपिंड निकामी होत असेल तर सीटीएक्स साचते आणि एकूण पी१एनपीही फुगते. अशा वेळी एकूणऐवजी फक्त अखंड पी१एनपी मोजणे बरे. अस्थिभंगानंतर दर्शके काही महिने चढी राहतात, म्हणून मूळ पातळीचा नमुना मोडल्यावर लगेच, शक्यतो एक-दोन दिवसांतच घ्यावा. स्टेरॉइडांनी पी१एनपी व ऑस्टिओकॅल्सिन लवकर खाली येतात.

खरा उपयोग उपचारांचा मागोवा घेताना होतो. मूळ पातळी आणि ३ ते ६ महिन्यांनंतरचा आकडा ताडून पाहावा. साधारण पाव ते एक तृतीयांशापेक्षा लहान फरक नैसर्गिक चढउतारातच मोडतो. बिस्फॉस्फोनेटने दोन्ही दर्शके उतरतात. टेरिपॅराटाइड या हाड घडवणाऱ्या औषधाने आधी पी१एनपी वाढते, मागून सीटीएक्स. बिस्फॉस्फोनेटच्या गोळ्या चालू असूनही सीटीएक्स हलले नाही, तर औषध बदलण्याआधी गोळी कशी घेतली जाते ते विचारावे : उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास चहा, दूध, न्याहारी काहीही नाही. दुधातील कॅल्शियम गोळीला बांधून ठेवते, आणि ती शोषलीच जात नाही.