सान बासिलियो दे पालेंके

कोलंबियाच्या बोलिव्हार प्रांतातील, फरारी आफ्रिकी गुलामांच्या वंशजांचे गाव. ते मोंतेस दे मारिया डोंगररांगेच्या पायथ्याशी, कार्ताहेना बंदराच्या आग्नेयेस सुमारे ५० किमी. अंतरावर वसले आहे.

स्पॅनिश अमलात कार्ताहेना हे गुलामांच्या आयातीचे प्रमुख बंदर होते. तेथून आणि आसपासच्या मळ्यांवरून पळालेले गुलाम दलदलीत किंवा डोंगरात मेढेकोट उभारून राहत. अशा वस्तीला ‘पालेंके’ म्हणत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस निसटलेल्या बेंकोस बियोहो याने ला मातुना येथील वस्तीतून एवढा दीर्घ प्रतिकार केला की, अखेर सत्ताधाऱ्यांना त्याच्याशी तह करावा लागला. पुढे मात्र त्याला पकडून १६२१ मध्ये फाशी देण्यात आली. गावाच्या चौकात त्याचा पुतळा असून लोकपरंपरा त्यालाच गावाचा संस्थापक मानते. तथापि ला मातुना आणि आजचे गाव यांत सरळ सलगता दाखवता येत नाही.

१६९१ मध्ये राजाने एका फर्मानाने येथील डोंगरांतील पालेंक्यांचे स्वातंत्र्य मान्य केले, परंतु कार्ताहेनाच्या गुलाममालकांनी ते अमलात येऊ दिले नाही. अखेर १७१३-१४ च्या सुमारास बिशप अंतोनियो मारिया कास्सिआनी याच्या मध्यस्थीने तडजोड झाली. गावाचे स्वातंत्र्य मान्य झाले खरे, पण यापुढे नव्या फराऱ्यांना थारा द्यायचा नाही, या अटीवर. गावाचा उल्लेख ‘अमेरिकेतील पहिले मुक्त गाव’ असा होतो, तेव्हा ही अट सहसा वगळली जाते; शिवाय मेक्सिकोतील यांगा या गावाचाही असाच दावा आहे. कोलंबियात गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली ती १८५२ च्या आरंभी.

बाहेरच्या जगापासून गावाच्या अलिप्ततेत टिकलेल्या पालेंकेरो या गावभाषेतील बहुतांश शब्द स्पॅनिश असले, तरी तिच्या घडणीवर मध्य आफ्रिकेतील किकोंगो भाषेची छाप आहे. अनेकवचनासाठी नामापूर्वी ‘मा’ लावतात : ‘मा मोना’ म्हणजे मुले. नकारदर्शक ‘नु’ हा स्पॅनिशप्रमाणे क्रियापदाआधी न येता, मराठीतील ‘नाही’सारखा वाक्याच्या शेवटी येतो. समवयस्कांचे ‘क्वाग्रो’ नावाचे गट बालपणीच जमतात व त्यांचे सदस्यत्व आयुष्यभर टिकते. घरात मृत्यू झाल्यास मदतीला प्रथम तेच धावतात. मृताच्या घरी चालणाऱ्या नऊ रात्रींच्या जागरणात ढोलाच्या साथीने ‘लुंबालू’ हे शोकगीत गातात. १९७२ मध्ये मुष्टियुद्धाचे जगज्जेतेपद मिळवणारा अंतोनियो सेर्व्हांतेस (किड पाम्बेले) याच गावचा. गावच्या सांस्कृतिक अवकाशाला युनेस्कोने २००५ मध्ये मान्यता दिली व २००८ मध्ये त्याचा समावेश अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत झाला. एकेकाळी शहरात चेष्टेचा विषय ठरणारी पालेंकेरो आता गावच्या शाळेत शिकवली जाते.