मुक्तस्रोत पॅकेज : चाचणी, योगदान व प्रकाशन

ज्याचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येतो अशा परवान्याखाली दिलेला संगणकीय आज्ञावलींचा संच. त्याची चाचणी, त्यातील योगदान आणि नव्या आवृत्तीचे प्रकाशन ही कामे एकमेकांत मिसळलेली असतात. बग (आज्ञावलीतील दोष) कळवणारा वापरकर्ता पुढे पॅच (दुरुस्तीचा कोड) पाठवू लागतो आणि कालांतराने मेंटेनर, म्हणजे पॅकेजची देखभाल करणाराही होतो.

या पद्धतीच्या आरंभाविषयी एकमत नाही. आयबीएमच्या ग्राहकांनी 1955 मध्ये ‘शेअर’ ही संघटना स्थापली. तिच्यातील आज्ञावलींच्या देवघेवीपर्यंत काही अभ्यासक ही परंपरा मागे नेतात. पण ती देवघेव रूढीने चाले, तिला परवान्याचा आधार नव्हता. त्यामुळे अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर 1983 मध्ये जाहीर केलेला ग्नू हा मुक्त संगणकप्रणालीचा प्रकल्प आणि 1989 चा जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) परवाना यांपासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा फेब्रुवारी 1998 मध्ये क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवली. तिचा तुरळक वापर त्याआधीही आढळतो.

चाचणी : इंग्रजी मजकुरावर बिनचूक चालणारे पॅकेज देवनागरीत अडते, ते मुख्यतः युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या, वर्गवारीमुळे. युरोपीय अक्षरांवरील स्वरचिन्हे काढून टाकण्यासाठी अनेक आज्ञावली ‘जागा न व्यापणारी चिन्हे’ हा वर्ग सरसकट गाळतात. देवनागरीतील उकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार आणि हलन्त याच वर्गात मोडतात. काना आणि वेलांटी मात्र मोडत नाहीत. परिणामी ‘केपे’चे ‘कप’, ‘पेडणे’चे ‘पडण’, ‘पर्ये’चे ‘परय’ आणि ‘सत्तरी’चे ‘सततरी’ होते. गोव्यातील गावे-तालुक्यांच्या नावांची अशी छोटी यादी चाचणीत घातली, की हा दोष लगेच उघडा पडतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ही जोडीही यादीत असावीच. ‘दऱ्या’मधला र दोन प्रकारे साठवला जातो : 0931 क्रमांकाचा ऱ आणि हलन्त वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण शोधताना जुळत नाहीत आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या साठवणी एकरूप करण्याच्या प्रक्रियेनेही) एक होत नाहीत. दुसरी रीत युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी मेळ राखण्यासाठी टिकवलेली आहे. नव्या मजकुरात पहिलीच वापरणे योग्य, पण चाचणी दोन्हींची हवी.

योगदान : दुरुस्तीसोबत ती सिद्ध करणारी चाचणीही पाठवावी. दुरुस्तीपूर्वी नापास आणि नंतर पास होणारी चाचणी सोबत असली, की देवनागरी न वाचणाऱ्या मेंटेनरलाही निर्णय घेता येतो. 2005 मध्ये आलेल्या गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या आज्ञावलीमुळे प्रत्येक बदलाचा कर्ता व कारण नोंदले जाते.

प्रकाशन : आवृत्तीचा क्रमांक बहुधा तीन भागांचा असतो. जुन्याशी न जुळणारा बदल केल्यास पहिला, नवी सोय दिल्यास दुसरा आणि केवळ दुरुस्ती केल्यास तिसरा भाग वाढतो. डेबियन या लिनक्स-आधारित मुक्त संगणकप्रणालीत पॅकेज ‘अनस्टेबल’ या विभागातून ‘टेस्टिंग’मध्ये जाते, पुढे ‘फ्रीझ’ (नव्या बदलांवर बंदी) लागून गंभीर बग निस्तरले, की ‘स्टेबल’ आवृत्ती निघते.

गोवा : 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी ही राजभाषा ठरली आणि मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद झाली. लिपी एक असल्याने वरील चाचण्या दोन्ही भाषांना उपयोगी पडतात. गोवा विद्यापीठाने 2013 मध्ये कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली आणला. असा मजकूर चाचणीसाठी निर्धास्तपणे वापरता येतो. 2015 मध्ये सुरू झालेल्या कोंकणी विकिपीडियावर रोमी (रोमन) लिपीतील लेखही असल्याने शोध आणि वर्णक्रम त्या लिपीतही तपासावे लागतात.