मुलांना सगळं ऑनलाइनच हवं असतं?

"आजची पोरं मोबाईल घेऊनच जन्मलीत, त्यांना फळा-खडू नकोच," हे वर्षानुवर्षं ऐकतोय. याचं मूळ २००१ सालचं. अमेरिकेचे शिक्षणविषयक लेखक मार्क प्रेन्स्की यांनी तेव्हाच्या विद्यार्थ्यांना 'डिजिटल नेटिव्ह', म्हणजे जन्मापासून डिजिटल जगातच वाढलेली पिढी, म्हटलं. पण २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी पुरावे तपासले, तेव्हा अशी एकसारखी पिढी सापडलीच नाही. पुढे तिथल्याच दोन विद्यापीठांतल्या १,६५८ विद्यार्थ्यांना विचारलं, तंत्रज्ञान नेमकं कशाला उपयोगी पडतं? उत्तरं अगदी साधी: अभ्यासाची आखणी करायला, घरबसल्या काम उरकायला, लेक्चरचं रेकॉर्डिंग थांबवून अवघड भाग पुन्हा ऐकायला. सफाईने रील बनवणारी मुलगी संदर्भ शोधताना पहिल्याच लिंकवर थांबते, हे मी रोज पाहते. "तुला येतंच" म्हणून तिला सोडून देणं हा तिच्यावर अन्याय आहे.