क्रिप्टोकोरिन (क्रिप्ट)

क्रिप्टोकोरिन ही अळू, सुरण आणि शेवळ्याच्या कुळातली गोड्या पाण्यातली वनस्पती, घरी माशांचा टँक ठेवणारे तिला नुसतं क्रिप्ट म्हणतात. जगभरात हिच्या साठच्या वर जाती आहेत, सगळ्या दक्षिण आणि आग्नेय आशियापासून न्यू गिनीपर्यंतच्या. दुकानात बहुतेक वेळा मिळतं ते वेंडटाय, हिरवं किंवा तपकिरी, ते मूळचं श्रीलंकेचं. पण चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत कोणाच्याही घरी टँकमध्ये हे झाड दिसलं तर एक गोष्ट सांगावीशी वाटते, की याची सख्खी भावंडं आपल्याच व्हाळात आणि पऱ्यात, म्हणजे छोट्या ओढ्यांत, उगवतात आणि आपण त्यांना गवत समजून त्यावर पाय देऊन पलीकडे जातो.

कोकणातल्या जाती म्हणजे स्पायरॅलिस, रेट्रोस्पायरॅलिस आणि कॉग्नाटा. स्पायरॅलिसचं वर्णन वनस्पतिशास्त्रज्ञ रेत्झियसने 1779 मध्ये केलं, तेव्हा ते आरम या प्रजातीत घातलं होतं, क्रिप्टोकोरिन ही वेगळी प्रजाती 1830 ची. कॉग्नाटाचं वर्णन शॉट या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1857 मध्ये केलं आणि ती फक्त कोकणपट्ट्यातच सापडते, म्हणजे खऱ्या अर्थाने इथलीच. रेट्रोस्पायरॅलिस वाहत्या पाण्यात दगडांच्या फटीत मुळं रोवून असतं, पानं अरुंद, लांब, कडेला चुणीदार.

याचं वर्ष कसं जातं ते कळलं की टँकमधली निम्मी काळजी आपोआप कळते. पावसाळ्यात व्हाळ फुगतो, झाड पूर्ण पाण्याखाली, वरून गढूळ लोंढा, उजेड जेमतेम. पाऊस गेला की पाणी उतरतं, पानं हवेत येतात आणि मग फुलं धरतात. उन्हाळ्यात व्हाळ आटला तर वरची पानं जातात पण जमिनीतलं खोड आणि मुळं टिकून राहतात आणि पहिल्या पाण्याला परत फुटतात. म्हणजे या झाडाचा सगळा जीव मुळात, पानं काय येतात आणि जातात.

फूलही बघण्यासारखं असतं. बाहेरून एकच गुंडाळलेला महाछद, म्हणजे फुलांना वेढणारं पान, स्पायरॅलिसमध्ये तो वरच्या बाजूला पीळ घातलेला, तांबडा-जांभळट, आणि तळाशी बंद डबीसारखी छोटी खोली. त्या खोलीत खाली मादीफुलं, वर नरफुलं. वासाने बारीक चिलटं आत घुसतात, भिंत निसरडी म्हणून बाहेर पडता येत नाही, अडकलेली असताना मादीफुलांवर फिरतात, मग नरफुलं उमलली की पराग अंगावर घेऊन सुटतात. टँकमध्ये खोल पाण्यात असलेलं क्रिप्ट सहसा फुलत नाही, फूल बघायचंच असेल तर कुंडीत ओल्या मातीत, पानं हवेत ठेवून वाढवायचं.

आता लागवड. नवीन आणलेल्या क्रिप्टची पानं आठ-दहा दिवसांत काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळतात, याला मेल्ट होणं म्हणतात, आणि इथेच बहुतेक जण झाड मेलं म्हणून उपटून फेकतात. नर्सरीत ते हवेत वाढवलेलं असतं, किंवा टिश्यू कल्चरच्या कपात, तिथली पानं पाण्याखालच्या कामाची नसतात. पाणी, उजेड, तापमान यातलं काहीही एकदम बदललं तरी जुनं झाडसुद्धा असंच करतं. कुजलेली पानं तेवढी काढायची आणि मुळाला हात लावायचा नाही, काही आठवड्यांत मधून नवी पानं निघतात. जागा बदलण्याची हौस मात्र सोडून द्यायची, दर महिन्याला टँक सजवणाऱ्यांसाठी हे झाड नाही.

खाणं मुळातून घेतं, म्हणून तळाचा थर दोन-तीन इंच हवा. नदीची धुतलेली वाळू चालते, समुद्राची नको, तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा पाणी जड करत राहतो. लोहासाठी जांभा. जर्मनीतले टँकवाले एकेकाळी वाळूखाली हाच दगड बारीक करून घालायचे आणि त्यासाठी पैसे मोजायचे, आपल्याकडे चिरेखाणीच्या कडेला ढीग पडलेले असतात! त्यातलं लोह गंजलेल्या रूपात असतं, तळाशी ऑक्सिजन कमी झाला की ते थोडं थोडं विरघळतं आणि मुळांना मिळतं. खडे हरभऱ्याएवढे घ्यायचे, लाल पाणी यायचं थांबेपर्यंत धुवायचे आणि पातळ थर वाळूखाली दाबायचा, पूड घातली तर टँक कितीतरी दिवस गढूळ. जांभ्यात बाकी पोषण फारसं नाही, तेव्हा दोन-तीन महिन्यांनी मुळाशी रूट टॅब, म्हणजे खताची गोळी, खुपसावी लागतेच. लावताना खोडाचा माथा वाळूच्या वर राहू दे.

उजेड मध्यम, सहा ते आठ तास, पाण्यात सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडायची गरज नाही. पावसात दोन दिवस लाइट गेली तरी क्रिप्टला फरक पडत नाही, माशांची काळजी करा. 22 ते 28 अंश बरं, एप्रिल-मेमध्ये पाणी तिशीच्या वर जातं तेव्हा झाकण उघडून वरून पंखा लावायचा. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी साधारण मऊ असतं आणि त्यात क्लोरीन नसतं, ते उत्तम, खाडीकाठची विहीर असेल तर आधी चाखून बघा, मचूळ लागलं तर नको. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलणं पुरे. गोल्डफिश असेल तर लावू नका, उकरून काढतात. नवीन झाडावर गोगलगायीची अंडी येतात, त्यासाठी लोक तुरटीच्या पाण्यात बुडवून मग स्वच्छ धुवून लावतात.

जमलं की बाजूला धावते कोंब येतात, दोन-चार पानं झाली की कापून वेगळे लावायचे. व्हाळातलं मात्र उपटून आणू नका, कॉग्नाटाला तर जगात दुसरीकडे कुठे जागाच नाही. आणि उलटंही नको, म्हणजे टँकमधलं जास्तीचं व्हाळात सोडणं. अमेरिकेत टेक्सासच्या सॅन मार्कोस नदीत श्रीलंकेचं बेकेटाय असंच पसरलं आणि ते उपटून काढायची मोहीम करावी लागली. उरलेलं माडाच्या आळ्यात टाका, तिथे वाळून खत होतं.