गावात संशोधन करणारा डॉक्टर एकटा का पडतो? विदर्भातली पार्श्वभूमी

कापूस वेचणीच्या दिवसांत वर्धा-यवतमाळकडच्या गावात सर्व्हे करायचा तर सकाळी आठच्या आत पोचावं लागतं, नाहीतर दिवेलागणीनंतर. मधल्या वेळात दाराला कडी असते, ओसरीवर एखादी म्हातारी असते आणि बाकी सगळं गाव पऱ्हाटीत. माझ्या ओळखीची पीएसएमची, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या विषयाची, एक रेसिडेंट थिसिससाठी अख्खा हिवाळा अशी फिरली. फॉर्म भरले, थिसिस मंजूर झाला, आणि गठ्ठे सुतळीने बांधून कपाटात गेले. त्यातून पेपर कसा करायचा, कुठल्या जर्नलला पाठवायचा, तिथून परत आला तर पुढे काय, हे विचारायला तिला माणूस मिळाला नाही. आज ती तालुक्याला दवाखाना चालवते आणि उत्तम चालवते. पण त्या गठ्ठ्यांची हळहळ मला अजून वाटते.

नेमक्या याच अडचणीतून वैद्यकीय संशोधकांच्या व्यावसायिक संघटना जन्माला आल्या. अमेरिकेत १९०८ साली सॅम्युअल मेल्ट्झर यांनी तरुण संशोधक डॉक्टरांची ‘अमेरिकन सोसायटी फॉर क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन’ उभी केली, कारण ज्येष्ठांच्या जुन्या संघटनेत तरुणांना वाव नव्हता. पुढे तिथेही सभासदत्व मोजक्यांनाच मिळू लागलं, तेव्हा १९४० मध्ये ‘अमेरिकन फेडरेशन फॉर क्लिनिकल रिसर्च’ निघाली. आज तिचं नाव ‘अमेरिकन फेडरेशन फॉर मेडिकल रिसर्च’ आहे. तिन्ही संघटनांची अधिवेशनं वर्षानुवर्षं अटलांटिक सिटीत एकत्र भरत. कोवळ्या वयाचा डॉक्टर दहा मिनिटांत आपलं काम मांडायचा आणि ते ऐकायला विभागप्रमुख समोर बसलेले असायचे. पुढची नोकरी, पुढचा गुरू तिथेच भेटायचा. इंग्लंडमध्ये थॉमस लुईस यांनी १९३० साली ‘मेडिकल रिसर्च सोसायटी’ सुरू केली.

आपल्याकडे उलट झालं. आधी आली ती अनुदान देणारी सरकारी संस्था. १९११ मध्ये ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ स्थापन झाली, १९४९ मध्ये तीच आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, झाली. डॉक्टरांच्या संघटनाही आल्या. इंडियन मेडिकल असोसिएशन, म्हणजे आयएमए, १९२८ ची, फिजिशियनांची एपीआय १९४४ ची. पण आयएमए हा मुख्यतः प्रॅक्टिस करणाऱ्यांचा आधार, आणि बाकीच्या संघटना आपापल्या विषयाच्या. संशोधन हाच ज्याचा पेशा, त्या डॉक्टरचा हक्काचा कट्टा असा झालाच नाही.

आणि तरीही विदर्भातल्या खेड्यांनी जगाला केवढं दिलं! सुशीला नायर यांनी गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, १९६९ साली, सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढलं. तिथे पहिल्या वर्षाची मुलं गाव दत्तक घेतात. तिथेच हत्तीपायावरचं संशोधन वर्षानुवर्षं चाललं. मधुकर पै, एस. पी. कलंत्री आणि सहकाऱ्यांनी तिथल्याच ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांना तपासलं, तेव्हा निम्म्यांच्या शरीरात क्षयाचा सुप्त संसर्ग सापडला. ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय जर्नलने तो अभ्यास २००५ मध्ये छापला.

गडचिरोलीचं नाव तर साऱ्या जगाला ठाऊक आहे. अभय आणि राणी बंग १९८६ च्या सुमारास तिथे गेले. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली आणि ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. १९८९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये आलं. त्यानंतर बालकांच्या न्यूमोनियावर काम झालं. मला त्यातली सगळ्यात प्रिय वस्तू म्हणजे श्वास मोजायची पट्टी. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे मिनिटाचे श्वास मोजायला हवेत, आणि दायींना तेवढे आकडे येत नव्हते. म्हणून वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला की बाळाला न्यूमोनिया आहे असं समजायचं. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत झाला, तुलनेला ४७ गावं होती, आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ मध्ये तोही ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि २०११ पासून आशाताईंमार्फत देशभर हीच पद्धत गेली.

हे घडलं ते माणसांच्या जिद्दीवर. बंग दांपत्याच्या गडचिरोलीतल्या शोधग्रामसारखी संस्था ज्याने स्वतः उभारली त्याला आधार मिळाला, पण धारणी किंवा कोरचीसारख्या दुर्गम तालुक्यात एकट्याने काम करणाऱ्याला तो कुठून मिळणार? १९७४ मध्ये जयप्रकाशांच्या चळवळीच्या वातावरणात ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ सुरू झालं. त्याच्या बैठका सेवाग्रामला भरत आल्या आहेत आणि खेड्यात जाऊ पाहणाऱ्या तरुण डॉक्टरांना तिथे सोबत मिळाली. ती विचारांची सोबत होती आणि फार मोलाची होती. मात्र बढती, फेलोशिप, पेपर हे त्या मंडळाचं काम नव्हतं.

इतक्यात पेपर हा विषय थेट नोकरीला येऊन भिडला. मेडिकल कौन्सिलने शिक्षकांच्या बढतीसाठी प्रकाशनं सक्तीची केली. २०१५ च्या परिपत्रकात तर पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय, आणि ई-जर्नलं बाद. २०२० मध्ये नियम सैल झाले, पहिले तीन लेखक किंवा पत्रव्यवहार करणारा लेखक धरला जाऊ लागला, शिवाय संशोधनाचा प्राथमिक कोर्स सगळ्या शिक्षकांना आवश्यक झाला. कोर्स चांगला आहे. पण कोर्स करून परत आलेल्या शिक्षकाचा मसुदा वाचून, ‘हा तक्ता चुकलाय, पुन्हा कर’ असं सांगणारं माणूस कोर्समधून मिळत नाही. ते मिळालं नाही की पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचे ईमेल असतातच.

विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची १९७९ पासूनची दोन महिन्यांची संशोधन-शिष्यवृत्ती आहे. सेवाग्राम-सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयांची मुलं ती मिळवतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतली चमक मी पाहिली आहे. तिसऱ्या महिन्यापासून त्यांचा हात धरणारं कोणी नसतं.

आणि माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी एथिक्स कमिटी. २०१९ च्या नियमांनंतर अशी समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदवलेली लागते. तिच्यात किमान सात जण हवेत, त्यांत कायदा जाणणारा एक आणि वैद्यकाबाहेरचा सामान्य माणूस एक. मेळघाटातल्या तीस खाटांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने ही सात माणसं कुठून जमवायची? दुसऱ्या संस्थेच्या समितीशी करार करून तिची परवानगी घेता येते, मार्गदर्शक तत्त्वांत तशी सोय आहे. माझ्या ओळखीतल्या खेड्यातल्या डॉक्टरांपैकी बहुतेकांना ही सोय असल्याचं कधी कोणी सांगितलंच नव्हतं.