अखिल भारतीय निर्मिती तंत्रज्ञान, अभिकल्प व संशोधन परिषद

(एआयएमटीडीआर). यांत्रिक हत्यारे (मशीन टूल), धातुकर्तन, धातुरूपण, जोडकाम, अपारंपरिक यंत्रण, मापनशास्त्र व योगात्मक निर्मिती (थ्रीडी प्रिंटिंग) या विषयांतील भारतीय संशोधकांची फिरती परिषद. पहिले अधिवेशन १९६७ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात भरले. नंतरची अधिवेशने आयआयटी, विद्यापीठे, अभियांत्रिकी महाविद्यालये व शासकीय संशोधन संस्था यांच्याकडे आळीपाळीने जात राहिली. एक राष्ट्रीय सल्लागार समिती परिषदेवर देखरेख ठेवते. प्रत्यक्ष भार यजमान संस्थेवर असतो.

मूळ नावात ‘निर्मिती तंत्रज्ञाना’च्या जागी ‘मशीन टूल’ हे शब्द होते. ‘अखिल भारतीय’ हे शब्द वगळले, तर त्या नावाचा साचा ब्रिटनमधील मशीन टूल अभिकल्प व संशोधन परिषदेचा (एमटीडीआर) आहे. ती परिषद १९६० मध्ये बर्मिंगहॅम येथे सुरू झाली. बर्मिंगहॅमचे प्रा. एस. ए. टोबायस व मँचेस्टरचे प्रा. फ्रान्झ कोनिग्सबर्गर हे तिचे प्रमुख प्रवर्तक. तिची अधिवेशने मुख्यतः या दोन शहरांत भरत. त्याच वर्तुळातून १९६१ मध्ये या विषयाचे एक आंतरराष्ट्रीय नियतकालिकही निघाले. मँचेस्टरची पुढची परिषद ‘मॅटाडोर’ या नावाने चालू राहिली. नावातील साम्य आणि सात वर्षांचे अंतर पाहता भारतीय परिषदेसमोर हा नमुना नव्हता असे मानणे कठीण आहे. तथापि तिला ब्रिटिश परिषदेची शाखा म्हणणे बरोबर नाही. ‘अखिल भारतीय’ हा शब्दप्रयोग आणि क्रमांकांची स्वतंत्र मोजणी या दोन्ही गोष्टी त्याच्या विरुद्ध जातात.

देशातली परिस्थितीही अशा परिषदेला अनुकूल होती. एचएमटीची (हिंदुस्थान मशीन टूल्स) स्थापना १९५३ मध्ये, दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेची १९५८ मध्ये आणि बंगळुरूच्या केंद्रीय मशीन टूल संस्थेची (सध्याची केंद्रीय निर्मिती तंत्रज्ञान संस्था) १९६२ मध्ये झाली. परवान्याने आलेल्या आराखड्यावर लेथ बांधता येत होते. पण ते विशिष्ट वेगाला थरथरतात का, हे सांगणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. जादवपूरला प्रा. अमिताभ भट्टाचार्य यांच्याभोवती धातुकर्तनाचा अभ्यासगट उभा राहिला होता, त्यामुळे पहिला मान तिथे जाणे स्वाभाविक होते.

या थरथरीचा प्रश्न (चॅटर) परिषदेच्या जन्मकाळी विषयाच्या केंद्रस्थानी असल्याने त्याचा थोडा खुलासा येथे आवश्यक आहे. लेथवर लांब व बारीक शाफ्ट धरून खोल काप घेतला, की जॉब (कापला जाणारा भाग) किंचाळू लागतो आणि पृष्ठभागावर तिरक्या लाटांची नक्षी उमटते. पहिल्या फेऱ्यात टूल किंचित हलले, तर त्याची लाट धातूवर राहते. पुढच्या फेऱ्यात टूल त्या लाटेवरूनच कापते, म्हणून चिपेची (निघणाऱ्या धातूच्या किसाची) जाडी व तिच्याबरोबर कर्तनबल कमीजास्त होते आणि कंपन वाढत जाते. कारागीर अशा वेळी वेग उतरवतो, काप कमी करतो किंवा स्टेडी (शाफ्टला मध्ये दिलेला आधार) लावतो. सिद्धांत मात्र असे सांगतो, की काही ठरावीक वेगांना नवी व जुनी लाट एकमेकींशी जुळतात आणि त्या वेगांना उलट अधिक खोल काप घेता येतो. म्हणजे कधीकधी वेग वाढवणे हाच उपाय ठरतो. ही उपपत्ती मुख्यतः टोबायस यांच्या व चेकोस्लोव्हाकियातील जे. त्लुस्ती यांच्या गटांनी उभी केली. श्रेयाच्या वाटपाबाबत मतभेद आहेत. दोन्हीकडचे काम बरेचसे स्वतंत्रपणे व समांतर झाले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

अधिवेशनांची कालगणना : परिषद ‘द्वैवार्षिक’ असल्याचे सर्वत्र सांगितले जाते. सुरुवातीच्या काळाला ते लागू पडत नाही. सातवे अधिवेशन १९७६ मध्ये कोईमतूरला झाले. १९६७ पासून काटेकोरपणे दोन वर्षांचे अंतर धरले, तर १९७६ पर्यंत पाचच अधिवेशने व्हायला हवीत. म्हणजे पहिल्या दशकात परिषद अधिक जलद भरत होती. १९७६ पासून १९९४ च्या बंगळुरू येथील सोळाव्या अधिवेशनापर्यंत मात्र दोन वर्षांचा नेम चुकलेला दिसत नाही. सतरावे वरंगळला जानेवारी १९९७ मध्ये भरले. त्यामुळे काही ग्रंथसूचींत त्याचे वर्ष १९९६ असे पडते, ते टाळावे. २००६ मध्ये रुडकी येथील बाविसाव्या अधिवेशनापासून परिषद आंतरराष्ट्रीय झाली व तेव्हापासून दुहेरी क्रमांक देण्याची पद्धत पडली. उदा., २०१४ चे गुवाहाटीचे अधिवेशन हे पाचवे आंतरराष्ट्रीय व सव्विसावे अखिल भारतीय होय. संदर्भ देताना यांपैकी एकच क्रमांक लिहिला, तर गोंधळ ठरलेलाच.

महाराष्ट्रात आठवे (१९७८) व चौदावे (१९९०) अधिवेशन आयआयटी मुंबईने आणि सत्ताविसावे डिसेंबर २०१६ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने (सीओईपी, स्थापना १८५४) भरवले. मधल्या वर्षांत भरणारी ‘कोपेन’ ही अचूक व सूक्ष्म अभियांत्रिकीची परिषद या परिषदेची धाकटी बहीण समजली जाते. तिचे नववे अधिवेशन २०१५ मध्ये आयआयटी मुंबईत झाले. मशीन टूल उत्पादकांच्या संघटनेचे ‘इम्टेक्स’ (पहिले मुंबईत, १९६९) हे व्यापारी प्रदर्शन असून त्याचा या परिषदेशी संबंध जोडू नये. अर्थात दोन्हीकडे भेटणारी माणसे पुष्कळदा तीच असतात.

स्वरूप : बीजभाषणे, समांतर सत्रांतील निबंधवाचन, उद्योगांचे प्रदर्शन व जवळच्या कारखान्यांच्या भेटी असा कार्यक्रम सामान्यतः असतो. त्याला जोडून होणाऱ्या कार्यशाळा संशोधक विद्यार्थ्यांना विशेष उपयोगी पडतात. डायनॅमोमीटरने कर्तनबल मोजणे, पृष्ठखरबरीतपणाचा आलेख वाचणे, सांत घटक पद्धतीने (फायनाइट एलिमेंट) संगणकावर चिप तयार होण्याची प्रतिकृती करणे यांसारखी कौशल्ये पुस्तकातून येत नाहीत. ज्याच्या प्रयोगशाळेत जुना लेथ आणि एक वायरकट (तारेच्या ठिणग्यांनी धातू कापणारे यंत्र) एवढेच आहे, त्याला सूक्ष्मयंत्रणाची सामग्री बहुधा प्रथम येथेच जवळून पाहायला मिळते.

निबंधांच्या दर्जाबाबत एकसारखे मत देता येत नाही. विद्युत ठिणगी यंत्रणावरील (कारखान्यांतील ‘स्पार्क’ व ‘वायरकट’) निबंधांचा एक ठरावीक साचा झाला आहे : विद्युतप्रवाह, स्पंदकाल व विरामकाल हे घटक घ्यायचे, तागुची पद्धतीच्या (मोजक्या प्रयोगांत अनेक घटक तपासण्याची रीत) सारणीनुसार ९ किंवा २७ प्रयोग करायचे, धातू निघण्याचा वेग व खरबरीतपणा मोजायचा आणि प्रचरण विश्लेषणाने (अनोव्हा) कोणता घटक प्रभावी ते सांगायचे. मिश्रधातू बदलला, की नवा निबंध तयार. प्रक्रियेच्या भौतिकीवरचे काम संख्येने कमी असले, तरी टिकाऊ ठरते ते तेच.

परिषदेची इतिवृत्ते पूर्वी यजमान संस्था छापत. गुवाहाटी (२०१४) व चेन्नई (२०१८) येथील निवडक निबंधांचे विषयवार खंड स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेने काढले. आरंभीच्या अधिवेशनांचा माग बहुतांशी नंतरच्या निबंधांतील संदर्भांवरूनच काढावा लागतो. २०२० चे अधिवेशन कोविडच्या साथीमुळे लांबून डिसेंबर २०२१ मध्ये कोईमतूर येथे झाले. त्यानंतरचे २०२३ मध्ये वाराणसीच्या आयआयटीत (बीएचयू) भरले.