क्योतोला निघालात? आधी जिंजा आणि ओतेरा वेगळे करा

माझी मामेबहीण नोव्हेंबरात एकटीच क्योतोला निघालीय. चार दिवस, पाठीवर एक सॅक, बाकी काही नाही. परवा रंकाळ्यावर भेळ खाताना तिने मोबाइल पुढे केला. यादीत बारा नावं होती आणि प्रत्येकापुढे एकच शब्द: मंदिर. "दादा, यातली कुठली गाळू?" म्हटलं, गाळायचं नंतर बघू. आधी यातली शिंतोंची, म्हणजे जपानच्या मूळच्या धर्माची, कुठली आणि बौद्धांची कुठली ते लावून घेऊ, म्हणजे निम्मं वेळापत्रक आपोआप बसेल.

क्योतो 794 पासून हजार वर्षांहून जास्त काळ जपानची राजधानी होतं. आज तिथे सुमारे 1,600 बौद्ध मंदिरं आणि 400 शिंतो देवस्थानं आहेत असं सांगतात. आपण दोन्हींना देऊळच म्हणतो. जपानी माणूस म्हणत नाही. शिंतो देवाचं ठिकाण म्हणजे जिंजा. बुद्धाचं ठिकाण म्हणजे तेरा, आदराने ओतेरा. (मी ओतेराच म्हणतो, नाहीतर आपल्याला तेराचा आकडा ऐकू येतो.)

ओळखायला नावाचं शेपूट बघा. शेवटी जी, देरा किंवा इन आलं की ओतेरा: किंकाकुजी, कियोमिझुदेरा. जिंजा, जिंगू, ताइशा किंवा गू आलं की शिंतो: यासाका जिंजा, फुशिमी इनारी ताइशा. नाव वाचता आलं नाही तर दार बघा. दोन खांब, वर दोन आडव्या तुळया, ना दरवाजा ना कडी, ही झाली तोरी, म्हणजे जिंजा. ओतेराच्या दाराला छप्पर असतं, आणि मोठ्या ठिकाणी दोन्ही बाजूंना डोळे वटारलेले धिप्पाड द्वारपाल.

आता कोल्हापूरच्या माणसाला सगळ्यात जास्त चुकल्यासारखं कुठे होतं, तर जिंजात. आपलं सगळं दर्शनावर चालतं. अंबाबाईच्या रांगेत दोन-दोन तास उभं राहायचं ते तिचं मुख दिसावं म्हणून. रांगेला वेळ नसेल तर निदान मुखदर्शन. किरणोत्सवात मावळतीची किरणं एका दिवशी पायांवर, पुढे छातीपर्यंत, मग मुखावर येतात का, हे बघायला सगळं गाव श्वास रोखून उभं राहतं. जिंजात बघायला मूर्तीच नाही. पुढच्या सभामंडपासमोर थांबायचं, मागचा गाभारा बंद. आत देवाचं प्रतीक म्हणून आरसा, तलवार असं काही असतं, पण ते कुणाला दाखवत नाहीत. कुठे कुठे तर अख्खा डोंगरच देवाचा मानतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कडेने आत डोकावत होतो. शेजारच्या आजी नाणं टाकून दोनदा वाकल्या, दोन टाळ्या वाजवल्या, डोळे मिटले, पुन्हा एकदा वाकल्या आणि निघाल्या. जेमतेम अर्धा मिनिट. देवाला बघायचं नसतं, आपण आलोय हे त्याला कळवायचं असतं, एवढं त्या आजींकडून शिकलो.

ओतेरात याच्या उलट. मूर्ती असते, उदबत्ती असते, धूप असतो, हात जोडायचे असतात. टाळ्या मात्र वाजवायच्या नाहीत. मंडपात शिरताना बूट काढायचे. लाकडी जमीन नोव्हेंबरात बर्फासारखी लागते, तेव्हा पायात मोजे हवेतच. कोल्हापुरी घालून जायचा विचार असेल तर तिथले ताबी मोजे घ्या, त्यांना अंगठा वेगळा असतो. आपल्या साध्या मोज्यांवर कोल्हापुरीचा अंगठा बसत नाही.

दर्शनाची भूक असेल तर सान्जूसान्गेन्दो हे ओतेरा चुकवू नका. सुमारे 120 मीटर लांब लाकडी सभागृह, आजची इमारत 1266 ची. आत कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या, 1,001 मूर्ती आहेत: मधे एक मोठी बसलेली, दोन्ही बाजूंना पाचशे-पाचशे उभ्या. त्यांच्यापुढे 28 रक्षक देवतांची ओळ. त्या ओळीतून सावकाश चालत जा. चोचीचा, पंखांचा, बासरी वाजवणारा एक जण दिसतो, तो गरुड. त्याच ओळीत लक्ष्मी आहे. अंबाबाईच्या गावातून एवढ्या लांब जाऊन ती अशी समोर येते तेव्हा गळा दाटतो, हे मी स्वतःवरून सांगतो. फोटो काढायला बंदी आहे, आणि ते बरंच आहे.

आणखी एक ओळखीची खूण ओतेराच्या मागच्या बाजूला सापडते. तिथे थडगी असतात, जिंजात सहसा नसतात. थडग्यांमागे उंच लाकडी फळ्या उभ्या केलेल्या दिसतात, सोतोबा म्हणतात त्यांना. शब्द आपल्याच स्तूपावरून गेलेला. पुष्कळ फळ्यांवर काळ्या शाईत सिद्धम लिपीतली बीजाक्षरं लिहिलेली असतात. सिद्धम आपल्या देवनागरीची जुनी नातलग. एका फळीसमोर मी बराच वेळ उभा होतो. अक्षर वाचता येत नव्हतं, पण हाताचं वळण घरातलं वाटत होतं.

एकाच घरातली माणसं दोन्हीकडे जातात. बाळ महिन्याचं झालं की त्याला जिंजात नेतात, माणूस गेला की बहुतेकांचे विधी ओतेरातले भिक्षू करतात. वर्षअखेरच्या रात्री ओतेराची घंटा 108 वेळा वाजते, मनाच्या 108 विकारांसाठी. आपल्या जपमाळेचे मणी तेवढेच. पूर्वी तर दोन्ही एकाच आवारात मिसळून नांदत होते. 1868 मध्ये सरकारने हुकूम काढून ते वेगळे केले. यासाका जिंजाच्या भागाला गिओन म्हणतात, ते नाव बुद्धाच्या जेतवनावरून आलंय. जागा शिंतोंची, नाव बौद्ध. त्यामुळे गोंधळ झाला तर तो फक्त आपलाच आहे असं समजू नका.

आता वेळापत्रक, कारण एकट्याने चार दिवसांत फिरायचं तर खरा उपयोग इथेच आहे. प्रसिद्ध ओतेरांना बहुतेक ठिकाणी तिकीट असतं, 400-600 येनच्या आसपास, आणि चार-पाचच्या सुमाराला ती बंद होतात. शेवटचा प्रवेश त्याच्याही अर्धा तास आधी. एका ठिकाणी मी धावत-पळत साडेचारनंतर पोचलो आणि माझ्यासमोर दार लागलं. जिंजाचं आवार बहुतेक वेळा फुकट आणि उघडं. म्हणून पहाट आणि संध्याकाळ जिंजाला द्या, मधला दिवस ओतेराला. फुशिमी इनारी चोवीस तास उघडं असतं, क्योतो स्टेशनपासून नारा लाइनवर दुसरंच स्टेशन. पहाटे सहाला डोंगर चढायला लागा. नऊनंतर तिथे आपल्या महाद्वार रोडची दिवाळीतली गर्दी असते. केशरी तोरींच्या मागच्या अंगाला देणगीदाराचं नाव आणि तारीख कोरलेली असते, आपल्याकडे देवळाच्या फरशीवर असते तशी, म्हणून उतरताना नीट बघत या. संध्याकाळी यासाका, कंदील लागल्यावर.

याला अपवाद आहेत. कियोमिझुदेरा ओतेरा असूनही सकाळी सहाला उघडतं, आणि मेपलची पानं लाल होतात त्या दिवसांत काही ओतेरा रात्रीही खास उघडतात. किंकाकुजी सोनेरी आहे, सुंदर आहे, पण 1950 मध्ये जळून 1955 ला पुन्हा बांधलेलं. अर्ध्या तासात होतं. त्यापेक्षा जवळच्या र्‍योआनजीच्या दगडांपुढे बसा: पंधरा दगड आहेत, पण कुठेही बसलात तरी सगळे एकदम दिसत नाहीत.

जागतिक वारशाच्या यादीवर विसंबू नका. क्योतोच्या 17 ठिकाणांत 13 ओतेरा, एक किल्ला आणि फक्त तीन जिंजा. फुशिमी इनारी त्यात नाहीच. बहिणीची बारा नावं त्याच यादीतून आली होती, त्यामुळे तिचे चारही दिवस पाचला संपणार होते.

जेवणाचं एवढंच: बाहेरच्या साध्या सूपमध्येही मासळीचा अर्क असतो. शाकाहारी असाल तर ओतेराचं शोजिन जेवण शोधा. मांस-मासळी नाही, कांदा-लसूणही नाही, अगदी नैवेद्याच्या पानासारखं.

तिची 25 तारीख क्योतोतच येते. दर महिन्याच्या 25 ला कितानो तेन्मांगू या जिंजात मोठा बाजार भरतो. तिथला देव 903 मध्ये वारलेला एक विद्वान, विद्येचा देव मानतात त्याला. आवारात बसलेल्या बैलांच्या मूर्ती आहेत, परीक्षेची पोरं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून जातात, आपण नंदीला हात लावतो तसं. तिच्या धाकट्या भावाची यंदा बारावी आहे. त्याच्या नावाने हात फिरवून ये, एवढं मी तिच्या यादीत तेरावं लिहून दिलंय.